पिसांचा मासा: गळाला गुंतणाऱ्या एका शेपटीचा इतिहास

हेडफोन नीट लावा, कारण आजचा भाग हाताने करायच्या कामाबद्दल आहे आणि चित्र तुम्हाला डोक्यातच काढायचंय. आज आपण बोलणार आहोत खोट्या माशांबद्दल. कोंबड्याची पिसं, हरणाच्या शेपटीचे केस, थोडा दोरा आणि एक गळ, एवढ्यावर तयार होणारा बोटभर मासा. उथळ खाऱ्या पाण्यात मोठा मासा याला खरा समजून तोंडात घेतो. असा मासा बांधायची पद्धत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साठ-सत्तर वर्षांपूर्वी एकदम बदलली. आणि ती बदलली ती मासा जास्त खरा दिसावा म्हणून नाही. का बदलली, तेच आजच्या भागात बघू.

आधी थोडं तंत्र, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही. आपल्याकडे कोकणात जे गरवतात ते गळाला कोळंबी किंवा माशाचा तुकडा लावतात आणि दोरीला शिसं बांधतात. फेकलं की शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागून. फ्लाय फिशिंगमध्ये हे बरोबर उलटं असतं. आमिषाला जवळजवळ वजनच नसतं, वजन दोरीत असतं. जाडसर दोरी काठीने मागे-पुढे झुलवायची, हवेत तिचा लांबट वळसा तयार होतो, तो उलगडत पुढे जातो आणि शेवटी टोकाला बांधलेली 'फ्लाय' पाण्यात उतरते. म्हणजे फ्लाय पाण्यात पोहण्याआधी चार-पाच वेळा हवेत जोरात मागे-पुढे उडते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड या हवेतच आहे.

फ्लाय म्हणजे माशी. नाव माशीचं पडलं, कारण या प्रकाराची सुरुवात किड्यांच्या नकलेने झाली. इसवी सन २०० च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या एका नदीवरचं वर्णन लिहून ठेवलंय. तिथले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याच्या मानेजवळची दोन पिसं बांधायचे. अठराशे वर्षं झाली, सामान अजून तेच! पण समुद्रातला आणि खाडीतला शिकारी मासा माश्यांवर पोट भरत नाही. तो लहान मासे खातो. आपल्याकडची तारली, पेडवे, मांदेली डोळ्यांसमोर आणा. थव्याने फिरणारे, चमकणारे, सगळ्यांचं खाद्य असलेले मासे. त्यांना आपण 'चाऱ्याचे मासे' म्हणू. यांची नक्कल करायची तर फ्लाय लांब हवी, कधी चार इंच, कधी सहा.

गोड्या पाण्यात हे काम आधीच सुरू झालं होतं. १ जुलै १९२४ ला अमेरिकेतल्या मेन राज्यात, अपर डॅम नावाच्या ठिकाणी, कॅरी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी स्वतः बांधलेल्या फ्लायवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रुक ट्राउट पकडला. बाईंचा धंदा बायकांच्या टोप्या बनवायचा, त्यामुळे पिसांची सवय हाताला होतीच. त्या फ्लाय बांधताना गळ शिकंज्यात धरायच्याही नाहीत, सरळ बोटांत धरून बांधायच्या. त्या तळ्यांतल्या स्मेल्ट नावाच्या छोट्या माशाची नक्कल त्या करत होत्या. त्यातूनच पुढे त्यांची प्रसिद्ध 'ग्रे घोस्ट' ही फ्लाय आली.

आता इथे आपल्या सह्याद्रीची एक वाट येऊन मिळते. ग्रे घोस्टच्या दोन्ही गालांवर एकेक छोटं पीस असतं, ज्याच्यावर मेणाचा थेंब पडल्यासारखा पिवळट-पांढरा चकचकीत ठिपका असतो. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं. हा पक्षी भारताच्या द्वीपकल्पातला, पश्चिम घाटात पहाटे ओरडणारा. इंग्रज लोक सामन मासे पकडायच्या भारी फ्लायवर हे पीस एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. १९०२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून जंगली पक्ष्यांची पिसं बाहेर पाठवण्यावर बंदी आली. मागणी काही थांबली नाही, तिकडे हे पक्षी पिंजऱ्यात वाढवून पिसं मिळवायला लागले. आज आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण आहे. तेव्हा ऐकून कुणाच्या डोक्यात 'आमच्या गावाकडे मिळतील की' असा विचार आला असेल तर तो तिथेच सोडा.

बरं. आता खाऱ्या पाण्याकडे येऊ.

मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत चेसापीक नावाची प्रचंड खाडी आहे. लांबी साधारण ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली फक्त साडेसहा मीटरच्या आसपास. मुंबई ते रत्नागिरी एवढं लांब, बऱ्याच ठिकाणी कंबरभरच पाणी असलेलं ताट म्हणा ना. काठाला गवताळ दलदल, कालव्यांचे थर, भरती-ओहोटीचे ओहोळ. मेनहेडन, सिल्व्हरसाइड आणि बे अँकोव्ही हे तिथले चाऱ्याचे मासे. यातला अँकोव्ही तर आपल्या मांदेलीच्याच कुळातला. आणि त्यांच्यामागे लागणारा शिकारी म्हणजे अंगावर काळे पट्टे असलेला स्ट्राइप्ड बास. मेरीलँडमध्ये त्याला रॉकफिश म्हणतात.

याच राज्यात, फ्रेडरिक गावात, १९२५ मध्ये बर्नार्ड क्रे जन्माला आला. जग त्याला 'लेफ्टी' क्रे म्हणून ओळखतं. वडील लहानपणीच गेले, घरात चणचण, त्यात जागतिक मंदीचा काळ. पोरगा नदीत कॅटफिश पकडून विकायचा आणि त्यातून शाळेचा खर्च भागवायचा. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आला. परत आल्यावर नोकरी लागली फोर्ट डेट्रिकमध्ये, म्हणजे जिथे अमेरिकी लष्कर जैविक अस्त्रांवर संशोधन करत होतं तिथे. तिथे काम करताना त्याला अँथ्रॅक्सची लागण झाली. वाचला. पण त्याच्या शरीरातून मिळालेल्या जंतूच्या प्रकाराला त्याच्याच नावाची आद्याक्षरं मिळाली, बीव्हीके-१. नोकरी पाळ्यांची होती, त्यामुळे दिवसाउजेडी मासेमारीला वेळ मिळायचा. असा माणूस!

१९४७ मध्ये जो ब्रूक्स हा मासेमारीवर लिहिणारा लेखक लेफ्टीबरोबर पोटोमॅक नदीवर गेला. लेफ्टीने फ्लायची काठी नीट चालवताना पहिल्यांदा पाहिली ती त्या दिवशी, आणि लगेच बाल्टिमोरला जाऊन स्वतःसाठी एक घेतली. ब्रूक्सचं 'सॉल्ट वॉटर फ्लाय फिशिंग' हे पुस्तक १९५० मध्ये आलं. त्यानंतर खाऱ्या पाण्यात फ्लाय टाकणं हा चार वेड्यांचा उद्योग राहिला नाही.

पण सामान मात्र तयार नव्हतं. नदीच्या फ्लाय मोठ्या करून समुद्रात नेल्या की एक गोष्ट हटकून व्हायची. जुन्या पद्धतीत लांब पिसं गळाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे दोरी ओवायच्या नेढ्याजवळ बांधायचे, आणि ती मागे दांडीवरून, बाकावरून लोंबत राहायची. टेबलावर फ्लाय देखणी. हवेत दोनदा मागे-पुढे झाली की लोंबणारी पिसं गळाच्या बाकाखालून जाऊन त्याला गुरफटायची. आता पाण्यात काय दिसणार? मोडक्या पंखाची गिरकी घेणारी एक गाठ. मासा तिच्याकडे बघतो आणि वळून जातो. उथळ पाण्यात तर तुम्हाला तो वळताना दिसतोसुद्धा. आणि गंमत म्हणजे फेकणाऱ्याला गुंता झालाय हे कळतच नाही, तो बिचारा अर्धा तास मेलेली फ्लाय ओढत बसतो. आमच्या धंद्यात याला प्रॉडक्शनमध्येच दिसणारा बग म्हणतात. तुमच्या मशीनवर सगळं नीट चालतं, लोकांकडे गेलं की कोसळतं, आणि लॉगमध्ये मात्र काहीच नसतं.

१९५० च्या दशकाच्या अखेरीला लेफ्टी चेसापीकमध्ये रॉकफिशमागे होता. त्याच्याबरोबर टॉम कोफील्ड नावाचा बाल्टिमोरचा पत्रकार मित्र असायचा. लेफ्टीने डोक्यात जी यादी केली होती ती मला फार आवडते, कारण त्यात 'खऱ्या माशासारखी दिसली पाहिजे' ही अट एकटी नाहीये. फ्लायचा आकार माशाचा हवा, हे आहेच. पण ती पाण्यात पोहायला हवी. हवेत गुंता होता कामा नये. पाण्यातून उचलली की पाणी झटकन गळून ती बारीक व्हायला हवी, म्हणजे फेकायला हलकी. आणि लहान-मोठी कुठल्याही मापात बांधता यायला हवी.

उत्तर साधं होतं. पिसं पुढे बांधायचीच नाहीत, मागे बांधायची. गळाची सरळ दांडी जिथे संपते आणि बाक सुरू होतो, बरोबर तिथे. कोंबड्याच्या कमरेवरची लांब, लवचीक पिसं घ्यायची, सहा ते आठ. निम्मी एका बाजूला, निम्मी दुसऱ्या बाजूला, आणि त्यांचे खोलगट भाग समोरासमोर येतील असे मिटायचे, नमस्कार केल्यासारखे. आता ती मिळून एकच चपटी शेपूट होते. पिसांचं मूळच बाकाजवळ असल्याने बाकाला वेढा घालायला मोकळा भागच उरत नाही. मग दांडीवर चमकदार पट्टी गुंडाळायची. आणि नेढ्याजवळ, चारी बाजूंनी, हरणाच्या शेपटीचे केस बांधायचे. ते इतके लांब की गळाच्या बाकाच्याही मागे पोचतील.

हे केस दोन कामं करतात. एक तर माशाचं जाड खांद्याचं अंग तयार होतं, जे मागे शेपटीकडे निमुळतं होत जातं. दुसरं, ते पिसांच्या मुळाशी टेकू देतात, म्हणजे गुंता व्हायची उरलीसुरली शक्यताही गेली. पाण्यात ओढली की केस मिटतात, थांबवली की जरा फुलतात, आणि मागची पिसं हलत राहतात. वर मोराच्या पिसाऱ्यातले थोडे तंतू घातले की गडद पाठ, खाली पांढरं पोट. खऱ्या चाऱ्याच्या माशाचा रंगही असाच असतो, वरून पाहणाऱ्या पक्ष्याला तो खालच्या गडद पाण्यात विरतो आणि खालून पाहणाऱ्या माशाला वरच्या उजेडात. गळ्याशी लाल धाग्याचा इशारा, कल्ल्यांसारखा. डोक्याच्या दोऱ्यावर रंगाने काढलेला डोळा. झाली 'लेफ्टीज डिसीव्हर'. डिसीव्हर म्हणजे फसवणारा.

एक प्रश्न विचारायलाच हवा. ही कल्पना एकट्या लेफ्टीची होती का? नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये होमर ऱ्होड ज्युनियर हा माणूस लेफ्टीच्या कितीतरी आधी पिसं गळाच्या मागच्या टोकाला बांधत होता. टार्पन माशासाठीची त्याची फ्लाय तशीच आहे. फरक एवढा की त्याची पिसं बेडकाच्या पायांसारखी बाहेर फाकलेली असायची. जो ब्रूक्सने लोकप्रिय केलेल्या 'ब्लाँड' फ्लायमध्येही केसांचा एक झुबका मागे आणि एक पुढे असतो. म्हणजे तुकडे सगळे आधीपासून पडलेले होते. लेफ्टीने ते एकत्र बसवले. माझं मत विचाराल तर यात त्याचं काही कमी होत नाही, पण ऱ्होडचं नाव आज किती जणांना माहीत आहे? गाठ बांधणाऱ्या मंडळींना त्याच्या नावाची एक गाठ माहीत असते, बस. लेफ्टी पुढे आयुष्यभर लिहीत राहिला, शिकवत राहिला, कुणालाही बसवून फ्लाय बांधून दाखवत राहिला. नाव टिकतं ते असं. आणि तो स्वतःच म्हणायचा की डिसीव्हर ही ठरावीक फ्लाय नाही, बांधायची एक पद्धत आहे. रंग बदला, लांबी बदला, तुमच्या पाण्यात जो मासा आहे तो करा.

आता याच पाण्याच्या वरच्या अंगाला जाऊ. चेसापीकला सगळ्यात जास्त गोडं पाणी देणारी नदी म्हणजे ससक्वेहाना. तिच्या काठी, पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनमध्ये, बॉब क्लाउझरचं फ्लायच्या सामानाचं दुकान होतं आणि तो नदीवर लोकांना मासेमारीला न्यायचा. त्याचा मासा वेगळा, स्मॉलमाउथ बास. पण अडचण ओळखीची. पिसांची फ्लाय थांबवली की पाण्यात तरंगत राहते. खरा घाबरलेला छोटा मासा मात्र थांबत नाही, तळाकडे सूर मारतो.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर आर्कान्सामधल्या वाप्सी या फ्लायचं सामान करणाऱ्या कंपनीकडून त्याला शिशाचे छोटे डोळे मिळाले, व्यायामाच्या डंबेलच्या आकाराचे. त्याने ते गळाच्या दांडीवर, नेढ्यापासून थोडे मागे, वरच्या बाजूला बांधले. वजन वर आल्याने पाण्यात गळ उलटा झाला, टोक आकाशाकडे. उथळ पाण्यात याचा फायदा लगेच समजतो, कारण टोक गवतात आणि दगडांत अडकत नाही. मग दोन्ही बाजूंना हरणाच्या शेपटीचे केस, पण अगदी विरळ. इतके विरळ की नवीन माणसाला वाटतं, अजून थोडे घालू या. घालू नका. पाण्यात भिजल्यावर आरपार दिसणारा मासाच खरा वाटतो, जाड झुबका म्हणजे नुसता ब्रश.

ही १९८७ ची गोष्ट. 'क्लाउझर डीप मिनो' हे नाव लेफ्टीनेच दिलं, आणि १९८९ मध्ये 'फ्लाय फिशरमन' मासिकात त्याने तिच्यावर लिहिलं. मग गावच्या नदीवरची ही फ्लाय जगभरच्या समुद्रांत गेली. लेफ्टी सांगायचा की त्याने स्वतः हिच्यावर ८० पेक्षा जास्त जातींचे मासे पकडले. सोवळ्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. शिसं बांधलंय, ही फ्लाय नाहीच, हा तर जिग, असं ते म्हणायचे. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं अगदीच चूक नव्हतं. ओढा, थांबा, खाली जाते, पुन्हा ओढा, वर येते, ही चाल जिगचीच. आणि वाऱ्यात फेकताना ते शिसं डोक्याच्या मागे आपटलं तर कळतं की फ्लायला वजन का नसायचं! पण फ्लायच्या काठीने फेकता येते आणि मासा लागतो, यापुढे तो वाद फार टिकला नाही.

तिसरा माणूस किनाऱ्यावर थोडा वर, न्यू जर्सीत. चेसापीकमध्ये जन्मलेले स्ट्राइप्ड बास मोठे झाले की किनाऱ्याने उत्तरेकडे जातात, त्यामुळे मासे एका अर्थी तेच. पण तिथे ब्लूफिशही असतो, ज्याचे दात कातरीसारखे. बॉब पोपोव्हिक्स रेस्टॉरंट चालवायचा आणि फावल्या वेळात फ्लाय बांधायचा. पिसं-केसांची फ्लाय एका ब्लूफिशमध्ये संपायची. पंधरा-वीस मिनिटांची मेहनत, एक चावा, खलास. त्याने कृत्रिम केसांच्या पुढच्या भागावर पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी ओतलं. इपॉक्सी ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत फ्लाय हातात फिरवत राहायची. झाला काचेसारखा पारदर्शक, कडक मासा, आत दिसणारा डोळा. 'सर्फ कँडी'. दिसायला ही तिघांत सगळ्यात हुबेहूब, सिल्व्हरसाइडच हातात धरल्यासारखी. पण तिचाही जन्म दिसण्यासाठी झाला नाही, दातांसाठी झाला.

आणि आता या गोष्टीतला तो भाग, जो फ्लायच्या पुस्तकांत दोन ओळींत आटपतात. लोकांचे हात एवढे तयार होत होते, फ्लाय एवढ्या सुधारत होत्या, त्याच वर्षांत मासा संपत चालला होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्ट्राइप्ड बासची संख्या कोसळली. जाळ्यांनी आणि गळांनी, व्यावसायिकांनी आणि हौशी लोकांनी, दोघांनीही पकडून पकडून संपवला. शिवाय अंडी घालायच्या जागांचं पाणी बिघडलेलं. मेरीलँडने १९८५ च्या सुरुवातीपासून रॉकफिश पकडण्यावर पूर्ण बंदी घातली. पूर्ण म्हणजे पूर्ण. ज्या खाडीत डिसीव्हर जन्मली, तिथेच ती आपल्या माशासाठी टाकता येईना. मासेमारांच्या कुटुंबांनी काय सोसलं असेल याचा अंदाज आपल्याला यावा, पावसाळ्यातली दोन महिन्यांची बंदी आपल्याकडे किती जड जाते ते आपण बघतो. इथे पाच वर्षं गेली. १९९० मध्ये मासेमारी पुन्हा मर्यादेत सुरू झाली तेव्हा मासे परत येत होते, आणि क्लाउझरची फ्लाय नुकतीच मासिकातून सगळ्यांकडे पोचली होती. त्यामुळे १९९० च्या दशकात त्या किनाऱ्यावर जी फ्लाय बांधणाऱ्यांची पिढी तयार झाली, तिच्या पेटीत सुरुवातीपासूनच या दोन्ही फ्लाय होत्या, आणि पकडलेला मासा परत सोडायची सवयही.

३१ मे १९९१ ला अमेरिकी टपाल खात्याने पाच फ्लायची तिकिटं काढली, प्रत्येकी २९ सेंटची. त्यात एक लेफ्टीज डिसीव्हर आहे. शेजारी स्टू ॲप्टेची टार्पन फ्लाय आहे, जिची पिसंही मागच्या टोकालाच बांधलेली, होमर ऱ्होडच्या वळणाची. त्याच संचात जॉक स्कॉट ही एकोणिसाव्या शतकातली सामनची फ्लायही आहे, जगभरच्या रंगीबेरंगी पिसांनी नटलेली. कधी इंटरनेटवर ही तिकिटं सापडली तर मोठी करून बघा. जॉक स्कॉटच्या कुशीला मेणाच्या थेंबासारखा ठिपका असलेलं जे पीस आहे, ते आपल्या रानकोंबड्याचं. डिसीव्हरवर मात्र असलं काही नाही. पाळीव कोंबडा, हरणाची शेपटी, रंगाचा एक ठिपका.

चला, भेटू पुढच्या भागात.